डग रॅमसी व्हायचंय? आधी हात करा

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या वेशभूषा स्पर्धेत ठरलेली मंडळी असतात: तीन शिवाजी, दोन झाशीच्या राण्या, एक अहिल्याबाई (इंदूर आहे, ती हवीच) आणि उरलेले सगळे स्पायडरमॅन. गेल्या वर्षी भाच्यानं जाहीर केलं, "मावशी, मी डग रॅमसी होणार." मी म्हटलं, हा कोण बाबा?

तर हा मार्व्हलच्या 'न्यू म्यूटंट्स' या कॉमिकमधला पोरगा, टोपणनाव सायफर. १९८४ च्या मार्चमध्ये, १३व्या अंकात पहिल्यांदा आला. कुठलीही भाषा याला समजते, बस, एवढीच शक्ती. उडणं नाही, डोळ्यांतून किरण नाहीत. ६०व्या अंकात मैत्रिणीवर झाडलेली गोळी अंगावर घेऊन गेला बिचारा. पुढे परतलाही, कॉमिक्समध्ये तेराव्याचं जेवण घालायची घाई करू नये.

आता भाषा कळणं पोशाखात दाखवणार कसं? तुमच्या घरी असा हट्ट झाला तर पहिलं लक्षात ठेवा: नुसता काळा-पिवळा गणवेश घालून पोराला उभं केलंत, तर लोक त्याला क्रिकेटच्या टीमचा समजतील. जीव हातात ओता. २०१९ नंतरच्या गोष्टींत डगच्या हातावर त्याचा मित्र वॉरलॉक असतो, परग्रहावरचा जीव, अर्धा यंत्र आणि अर्धा प्राणी. काळं अंग, त्यावर वेड्यावाकड्या पिवळ्या रेघा. तो हात जमला की काम झालं.

कपड्यांचं फार नाही. काळा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, आणि शीतलामाता बाजारातून अर्धा मीटर पिवळं कापड आणून खांद्यांवर टीप मारायची. संध्याकाळी जाऊ नका, गाडी लावायला जागा मिळत नाही.

हातासाठी ईव्हीए फोम (चपलेच्या तळव्यासारखा मऊ, स्पंजी) घ्या, पाच मिलिमीटर जाडीचा. पोराच्या हाताला वर्तमानपत्र गुंडाळा, त्यावर चिकटपट्टी लावा, पेननं सांधे आखा आणि कापून उलगडा. हा झाला तुमचा साचा. दोन बोटं ढिला ठेवा. कटरला नवं पातं लावा, बोथट पात्यानं फोम कुरतडल्यासारखा दिसतो.

इथे माझी चूक ऐका. पहिला हात मी खांद्यापासून मनगटापर्यंत एकसंध केला. दिसायला झकास! पण पोराला कोपर वाकवता येईना. ट्रायलला आरतीनंतर मोदक हातात घेऊन उभा राहिला, तोंडापर्यंत पोचेचना. शेवटी आजीनं भरवला. म्हणून दंड आणि पुढचा हात वेगवेगळे करा आणि कोपराशी रुंद इलॅस्टिकनं जोडा.

फोमला गोलाई द्यायला हीट गन, म्हणजे फार गरम हवा सोडणारं यंत्र, लागते. मी हेअर ड्रायरवर तासभर घालवला, फक्त खोली गरम झाली. तापवलेला फोम स्टीलच्या डब्याभोवती धरून गार होऊ द्या. चिकटवायला रबरी सोल्यूशन वापरा: दोन्ही कडांना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. भाद्रपदातल्या दमट हवेत याला जास्त वेळ लागतो, धीर धरा. खिडक्या उघड्या ठेवा आणि हे काम मोठ्यांनीच करा.

रंगाआधी पांढरा फेविकॉल पाण्यात कालवून तीन हात मारा, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. मग काळा ॲक्रिलिक. पिवळ्या रेघांना पट्टी अजिबात लावू नका. चित्रकार बिल सिंकेविचनं वॉरलॉक पहिल्यांदा काढला तो असा, की एक रेघ दुसरीसारखी नाही. माझा भाचा पट्टी घेऊन बसला होता. मी ती लपवली.

छातीवर पाटी हवीच. याच कॉमिक्समधल्या क्राकोआ बेटावरच्या म्यूटंटांची, म्हणजे डगसारख्या जन्मजात शक्तीवाल्यांची, वेगळी लिपी आहे, डिझायनर टॉम म्युलरनं आखलेली. भाषा वेगळी नाही, इंग्रजी अक्षरांच्या जागी चिन्हं, एकास एक. म्हणजे 'मोरया' इंग्रजी अक्षरांत लिहा आणि एकेक अक्षर बदला. पाटी काळ्या जाड कागदावर करा, खजुरी बाजारात मिळतो.

आणि स्टेजवर? शक्ती तिथेच दाखवायची. आम्ही एकच वाक्य घेतलं, "काय करताय?" गुजरातीत "शुं करो छो?", माळवीत "कई करी रिया हो?", आणि शेवटी खास राजवाड्यावरचं, "क्या कर रिये हो भिया?" हे शेवटचं शेवटीच ठेवा, त्यानंतर मंडपात कुणाला काही ऐकू येत नाही. मराठी घरातला इंदूरचा पोरगा यातलं निम्मं दूधवाल्याशी बोलतच असतो, पाठांतर फारसं लागत नाही. फक्त परीक्षकबाईंनी अचानक "तू रोबोट का रे?" असं विचारलं तर उत्तर तयार ठेवा. आमचा म्हणाला, "नाही, मी दुभाष्या." बाईंनी तो शब्द शेजारच्यांना समजावून सांगितला.

स्पर्धा झाल्यावर हात बंद गाडीत ठेवू नका. उन्हानं फोम वाकतो. आमचा आता कपाटावर आहे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरलेले.