बटाट्याची रब्बी लागवड: बेण्यापासून आरणीपर्यंत

माणसाच्या थेट आहारात येणाऱ्या पिकांमध्ये भात आणि गहू यांच्या खालोखाल बटाट्याचा क्रमांक लागतो, आणि त्याच्या उत्पादनात चीननंतर भारत दुसरा आहे. तरीही हे पीक आपल्या हवामानाचे नाही. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,800 मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर आहे. त्याच्या परिसरातील अँडीज पर्वतवासीयांनी किमान सात हजार वर्षांपूर्वी रानटी बटाटा माणसाळवला. थंड रात्री, भुसभुशीत माती आणि बियांऐवजी कंदापासून होणारी वाढ या तीन गोष्टी त्याने तिथून सोबत आणल्या. लागवडीच्या बहुतेक शिफारशी या तिन्हींपैकी कशातून तरी आलेल्या आहेत, आणि शिफारशीमागचे कारण माहीत असले की कुठे तडजोड चालेल व कुठे चालणार नाही हे ठरवणे सोपे जाते. पुढील विवेचन पुणे, सातारा आणि लगतच्या पठारी भागातील रब्बी हंगाम डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

लागवडीची वेळ

पाला वाढण्यासाठी थोडी ऊब चालते. कंद पोसण्यासाठी मात्र रात्रीचे तापमान 15 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. रात्र त्याहून उष्ण झाली की झाड पानांनी भरते आणि खाली कंद धरत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड उरकावी, म्हणजे कंद पोसण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येतो. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावर आणि साताऱ्याच्या पुसेगाव भागात बटाटा खरिपातही घेतला जातो. तिथली उंची आणि पावसाळी गारवा यांमुळे ते जमते, परंतु सखल व उष्ण गावाने त्यांचे अनुकरण करू नये.

दिवसाच्या लांबीचाही प्रश्न आहे. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात बटाटा युरोपात नेला तेव्हा उन्हाळ्याच्या लांबलचक दिवसांत तो कंद धरीना; शरद ऋतूत दिवस लहान झाल्यावर उशिरा धरत असे. लांब दिवसांत पोसणारे वाण तयार होण्यास तिथे पुष्कळ काळ गेला. भारतात नेमकी उलट अडचण आली, कारण युरोपीय वाण आपल्या मैदानांतील हिवाळ्याच्या लहान दिवसांत समाधानकारक उत्पादन देईनात. 1949 मध्ये पाटण्यात स्थापन होऊन 1956 मध्ये सिमल्याला हललेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने या परिस्थितीला जुळणारे वाण काढले आणि सिमल्याजवळच्या कुफरी गावाचे नाव त्यांना दिले. आपल्याकडे कुफरी ज्योती हा जुना व ओळखीचा वाण आहे. चिप्सच्या कारखान्यासाठी पीक घ्यायचे असेल तर ज्यात साखर कमी आणि शुष्क पदार्थ जास्त असतो असे कुफरी चिप्सोनासारखे वाण निवडावेत.

बेणे

या पिकात सर्वांत जास्त काळजी बेण्याची, म्हणजे लावायच्या कंदांची, घ्यावी, कारण बटाट्याचा कंद म्हणजे जमिनीखाली फुगलेले खोडच असते आणि त्याचे डोळे म्हणजे कळ्या. कंदापासून वाढलेले प्रत्येक झाड मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते, त्यामुळे गुण जसे उतरतात तसे रोगही उतरतात. आयर्लंडमधील गरीब जनता एकोणिसाव्या शतकात जवळपास याच पिकावर जगत होती, तेही मोठ्या प्रमाणावर ‘लंपर’ या एकाच वाणावर. 1845 मध्ये उशिरा येणारा करपा हा पाला आणि कंद कुजवणारा रोग तिथे पोहोचला आणि एकसारख्या झाडांतून तो विनासायास पसरला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. या अनर्थाचे सगळे खापर करप्यावर फोडणे मात्र योग्य नाही. लोक उपाशी असताना त्याच देशातून धान्य बाहेर जात होते, आणि तो दोष राज्यकर्त्यांचा होता.

आपल्या भागात बेणे मुख्यतः पंजाबातून येते आणि मंचरची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. ते पंजाबातून का आणायचे, याचे उत्तर मावा या किडीत आहे. मावा विषाणू पसरवतो आणि तेच बेणे वर्षानुवर्षे वापरल्यास उत्पादन घसरत जाते. उत्तरेच्या मैदानात हिवाळ्याच्या सुरुवातीला मावा फार कमी असतो. त्या काळात पीक वाढवून, माव्याची संख्या वाढण्याआधी पाला कापून टाकण्याची पद्धत शास्त्रज्ञ पुष्करनाथ यांनी रुजवली, आणि निरोगी बेणे डोंगरांऐवजी मैदानात तयार होऊ लागले. म्हणून प्रमाणित बेणे घ्यावे, आणि पैसे वाचवण्यासाठी खाण्याच्या बटाट्यातील बारीक माल बेणे म्हणून मुळीच वापरू नये. आजारी झाडांचे कंद बहुधा बारीक राहतात.

शीतगृहातून काढलेले बेणे लगेच लावू नये. हवेशीर सावलीत आठ ते पंधरा दिवस पातळ पसरून ठेवावे, म्हणजे जाड, आखूड कोंब फुटतात. 30 ते 40 ग्रॅमचा अखंड कंद उत्तम. 60 सेंटिमीटरवर सरी आणि दोन कंदांत 20 सेंटिमीटर अंतर धरल्यास एकरी सुमारे 33 हजार झाडे बसतात, म्हणजेच 10 ते 13 क्विंटल बेणे लागते. हा खर्च मोठा असल्याने अनेकजण मोठे कंद कापून लावतात. तसे करायचेच असेल तर प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे ठेवावेत आणि कोयता किंवा सुरी वारंवार मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवावी. कापल्यावर सालीच्या आत तपकिरी कडे दिसणारा कंद, ज्याला शेतकरी बांगडी म्हणतात, तो तत्काळ बाजूला काढून नष्ट करावा आणि सुरी नीट धुतल्याशिवाय पुढचा कंद कापू नये, कारण हा रोग करणाऱ्या जिवाणूवर नंतर शेतात औषध नाही. फोडी सावलीत सुकल्यानंतरच लावाव्यात.

शेतातील कामे

जमीन मध्यम, भुसभुशीत आणि निचऱ्याची हवी. भारी काळ्या रानात कंद वेडेवाकडे होतात आणि काढणीही जड जाते. चांगले कुजलेले शेणखत पूर्वमशागतीत मिसळावे. स्फुरद, पालाश आणि निम्मे नत्र लागवडीच्या वेळी द्यावे. उरलेले नत्र महिन्याभराने भर लावताना, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी माती चढवताना, द्यावे. भर लावणे हे काम मजूर मिळत नाहीत म्हणून टाळले जाते, आणि त्याचा फटका थेट बाजारात बसतो. उघड्या राहिलेल्या कंदावर ऊन पडले की तो हिरवा होतो, त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि माल खाण्यायोग्य राहत नाही. शिवाय कंद मुळांवर धरत नाहीत, खोडातून निघणाऱ्या भूमिगत फांद्यांच्या टोकाशी धरतात. वर माती जास्त असेल तर या फांद्या प्रकाशात येऊन त्यांना पाने फुटत नाहीत.

लागवडीनंतर हलके पाणी द्यावे, तीन-चार दिवसांनी आंबवणी, म्हणजे दुसरे हलके पाणी, द्यावे आणि पुढे जमिनीच्या मगदुरानुसार पाळ्या ठेवाव्यात. वरंबा पाण्यात बुडू देऊ नये. कंद धरण्याच्या आणि पोसण्याच्या काळात ताण पडल्यास पुढे कितीही पाणी देऊन नुकसान भरून येत नाही.

ढगाळ हवा, दव आणि गारठा एकत्र आले की करप्याचा धोका असतो. डाग दिसण्याची वाट न पाहता दहा लिटर पाण्यात 25 ग्रॅम मॅन्कोझेब मिसळून फवारावे. आयर्लंडच्या शेतकऱ्याजवळ असा कोणताच उपाय नव्हता. मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण 1885 मध्ये पुढे आले, तेही आधी द्राक्षांसाठी.

काढणी आणि साठवण

पाला पिवळा पडू लागला की पाणी तोडावे आणि काढणीच्या दहा ते पंधरा दिवस आधी तो कापून टाकावा. अंगठ्याने घासून साल निघाली नाही, तर कंद काढणीस तयार झाला असे समजावे. भारताच्या मैदानांत बटाटा उन्हाळ्याच्या तोंडावर निघतो, त्यामुळे अँडीजमधील शेतकऱ्याला रात्रीची गोठवणारी थंडी आणि दिवसाचे ऊन वापरून जसा बटाटा सुकवता येई, तशी सोय आपल्याकडे नाही. शीतगृहात 2 ते 4 अंशांवर ठेवलेला माल टिकतो, पण स्टार्चची साखर होऊन तो गोड लागतो आणि तळताना काळपट पडतो. म्हणून ते तापमान बेण्यापुरते ठेवावे आणि खाण्याचा माल 10 ते 12 अंशांवर ठेवावा.

शीतगृह परवडत नसेल तर झाडाच्या सावलीत आरण, म्हणजे साठवणीचा झाकलेला ढीग, लावावी. त्यात फक्त कोरडा, न कापलेला माल घालावा आणि वरून पाचट किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर द्यावा. बटाट्यावरील पाकोळी ही कीड 1906 च्या सुमारास इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर मुंबईत उतरली आणि तेव्हापासून दख्खनमधील साठवणीची ती मुख्य शत्रू आहे. ती उघड्या कंदाच्या डोळ्याजवळ अंडी घालते. त्यामुळे काढलेला माल संध्याकाळनंतर शेतात उघडा ठेवू नये, आणि दर आठवड्याला आरण एका बाजूने उघडून डोळ्याजवळ काळी विष्ठा दिसणारे कंद वेचून खोल पुरावेत.