फोटोंना टिपल्या क्षणाचे नाव
कॅमेऱ्याचा फोटोक्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो, त्यामुळे दोन सहलींचे फोटो एका फोल्डरमध्ये ओतले की एकाच नावाच्या फाइली समोरासमोर येतात. आधी फोल्डरची प्रत काढावी आणि फोटोंना टिपल्या वेळेचे नाव देणारी, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट (संगणकाला दिलेल्या आज्ञांची फाइल) त्या प्रतीवरच चालवावी. फाइलची तारीख डाउनलोड करतानाही बदलत असल्याने स्क्रिप्टने एक्झिफ नोंदीतील, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीतील, ३६८६७ क्रमांकाचा टॅग (फोटो टिपल्याची वेळ असलेला रकाना) वाचावा. तिथे ‘२०२४:०८:१५ १०:२२:३१’ असा मजकूर मिळतो. विंडोजला नावात अपूर्णविराम (:) चालत नाही, म्हणून ‘२०२४-०८-१५_१०-२२-३१’ असे नाव द्यावे. एकाच सेकंदातील फोटोंना शेवटी क्रमांक जोडावा, नाहीतर एक फोटो दुसऱ्याला गिळू शकतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंत ही नोंद बहुधा नसतेच. ते सरळ वगळावेत.