ड्राइव्ह ते मोटर: केबलमधील विद्युत गोंगाट कसा आटोक्यात आणावा

ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) सुरू होताच प्रेशर ट्रान्समीटरचे आकडे नाचू लागले किंवा एन्कोडरचे (फिरण्याची स्थिती मोजणाऱ्या सेन्सरचे) पल्स चुकू लागले, की बहुतेक ठिकाणी आधी फिल्टर मागवला जातो. माझ्या मते तो नंतरचा उपाय आहे. पहिल्यांदा मोटर केबलच्या शील्डची (तारांभोवतीच्या धातूच्या जाळीची) दोन्ही टोके तपासावीत. त्यापूर्वी सप्लाय तोडून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, डीसी बसवर (ड्राइव्हमधील डीसी पुरवठ्यावर) व्होल्टेज उरले नसल्याची मीटरने खात्री करावी.

४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस सुमारे ५८५ व्होल्टची असते आणि आयजीबीटी (ड्राइव्हमधील वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) हे व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा, दर वेळी एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात, चालू-बंद करतात. या झटक्यांमुळे केबल आणि वाइंडिंगच्या कपॅसिटन्समधून उच्च वारंवारतेचा प्रवाह अर्थमध्ये शिरतो. तो ड्राइव्हकडे परतणारच. शील्डने त्याला जवळची वाट दिली नाही, तर तो केबल ट्रे, पॅनेलचा पत्रा किंवा शेजारच्या सिग्नल केबलची शील्ड यांतून फिरून येतो.

म्हणून मोटरसाठी शील्डची, शक्यतो सममित रचनेची (तारा समान अंतराने मांडलेली) केबल घ्यावी आणि तिची शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करावी. चूक होते ती जोडणीत. जाळी पिळून, तिला लग लावून अर्थ बोल्टला बांधली, की काम नीटनेटके दिसते. परंतु अशा १० सेंमी शेपटीचे इंडक्टन्स साधारण १०० नॅनोहेन्री भरते, म्हणजे ५० हर्ट्झला नगण्य असलेला तिचा अडथळा १० मेगाहर्ट्झला सुमारे ६ ओहम होतो. त्याऐवजी बाहेरचे आवरण सोलून जाळी न कापता उघडी करावी व धातूच्या क्लॅम्पने पूर्ण घेरात माउंटिंग प्लेटवर दाबावी. मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर ईएमसी ग्लँड (शील्डला पूर्ण घेरात पकडणारा धातूचा केबल ग्लँड) वापरावा. क्लॅम्पखालचा रंग खरवडणे विसरू नये, कारण पावडर कोटिंग हे विद्युतरोधकच असते. संरक्षक अर्थची तार अर्थातच कायम ठेवावी.

सिग्नल केबल मोटर केबलपासून किमान ३०० मिमी दूर न्याव्यात आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. अॅनालॉग सिग्नलची शील्ड, मोटर केबलच्या उलट, सहसा एकाच टोकाला अर्थ करतात. लांब अंतरासाठी ०–१० व्होल्टपेक्षा ४–२० मिलिअँपियर बरे. कॅरिअर फ्रीक्वेन्सी (आयजीबीटी चालू-बंद होण्याची वारंवारता) ८ वरून ४ किलोहर्ट्झवर आणल्यासही फरक पडतो, मात्र मोटरची शिट्टी वाढते.

एवढे करूनही त्रास टिकला, तर ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामधल्या आयसोलेटरचा (मोटर तोडण्याच्या स्विचचा) डबा उघडून पाहावा: तेथे केबल तुटते, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात शील्डची सलगताही अनेकदा तेथेच संपलेली असते.