राणीछाप आणि राजाछाप रुपया : ओळख आणि प्रत

लक्ष्मीपूजनाला देव्हाऱ्यातून निघणारा चांदीचा रुपया बहुधा 1835 ते 1945 मधला कलदार (यंत्रावर पाडलेला रुपया) असतो. पारखण्याआधी एक पथ्य पाळा: तो चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांनी घासू नका. काळपट थर राहू द्या. घासलेलं नाणं कितीही चकाकलं तरी भिंगाखाली एका दिशेचे बारीक ओरखडे दिसतात आणि जाणकार त्याला चांगला भाव देत नाही. गेलेला पृष्ठभाग परत आणता येत नाही.

आधी छाप बघा. 1835 वर चौथा विल्यम. 1840 वर बिनमुकुटाची राणी व्हिक्टोरिया. नाव डोक्यावरून सलग वळलं असेल तर पहिला प्रकार, डोक्यामुळे दुभागलं असेल तर दुसरा. 1862 ला मुकुट आला, 1877 पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’. पुढे 1903 पासून सातवा एडवर्ड, 1911 पासून पाचवा जॉर्ज, 1938 पासून सहावा. 1862 हेच साल पुढची अनेक वर्षं नाण्यांवर राहिलं, म्हणून निव्वळ सालावर भाळू नका. मागच्या बाजूचे बारीक ठिपके किती आणि कुठे आहेत, त्यावर तिथे प्रकार ठरतो. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाखाली ठिपका असेल तर टांकसाळ मुंबईची, नसेल तर कलकत्त्याची.

आता वजन. पूर्ण रुपया 11.66 ग्रॅमचा, फार झिजलेला थोडा कमी भरतो. पण 1940 पासून चांदी 91.7 वरून 50 टक्क्यांवर आली तरी वजन तेवढंच राहिलं, त्यामुळे नुसता काटा पुरत नाही. पाण्याची परीक्षा करा. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. जुना पूर्ण वजनाचा रुपया साधारण 1.13 ग्रॅम दाखवतो, 50 टक्केवाला 1.22, जर्मन सिल्व्हरचा (चांदी नसलेला तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) नकली 1.3 च्या पुढे जातो. झिजलेल्या नाण्याच्या वजनाला या आकड्याने भागा: जुन्या चांदीला 10.3 च्या आसपास उत्तर यायला हवं. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो आणि अस्सल नाणं नकली वाटतं. ते हलवून काढा.

ओतीव नकलेत कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि साबण झिजल्यासारखी बोथट अक्षरं दिसतात. 1939 चा रुपया दुर्मीळ असल्याने 1938 मधला 8 कोरून 9 केलेला असू शकतो. शेवटचा आकडा 10 पटीच्या भिंगाखाली, तिरक्या उजेडात बघा. कड तर बघाच: दागिन्याची कडी काढून जोडाची जागा घासलेला रुपया तिथेच उघडा पडतो.

प्रत ठरवताना सर्वांत उंच भाग आधी झिजतो, हे धरून चाला. राणीछापात कानाजवळचे केस आणि झग्यावरची नक्षी. पाचव्या जॉर्जमध्ये मुकुटाचे मणी आणि झग्यावरच्या साखळीतला हत्ती. (1911 च्या साच्यात तो हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, म्हणून बहुतेक नाणी वितळवली गेली आणि 1912 ला हत्ती सुधारला.) नक्षी सपाट, अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येतात: ‘फाइन’. निम्म्याहून जास्त नक्षी शिल्लक: ‘व्हेरी फाइन’. फक्त टोकांवर पुसट झीज: ‘एक्स्ट्रा फाइन’. झीज अजिबात नाही आणि नाणं हळू फिरवल्यावर उजेडाचा पट्टा अखंड फिरतो: ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं). कमजोर ठशाला झीज समजू नका. ठसा कमजोर असला तरी त्या जागी मूळ चमक टिकते, झिजेत ती जाते. दोन बाजूंची प्रत वेगळी निघाली तर कमी प्रतीची बाजू धरा.

नाणं कडेनेच धरा. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका, त्यातून हिरवट चिकटा येतो. मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टरचं) पाकीट घ्या. परदेशातल्या नातलगांना द्यायचं मनात असेल तर साल तपासा: 100 वर्षं पूर्ण झालेलं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही.