बँकेच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हाचा इतिहास कसा जमवायचा

आपल्या रावेर-यावलकडच्या नाहीतर शहाद्याच्या शाखेचा इतिहास लिहायचाय ना, मग आधी रिटायर झालेल्या क्लार्क-कॅशियर मंडळींना गाठा, कागद नंतर. उद्घाटनाची तारीख विचारत बसू नका, सरळ विचारा की आप्पा, बॅलन्सिंगला, म्हणजे हिशोब जुळवायला, रात्री किती वाजायचे? मग बघा कसे बोलायला लागतात, जाडजूड लेजर म्हणजे खात्यांच्या वह्या, पितळी टोकन, जून-डिसेंबरला हाताने काढलेलं सेव्हिंगचं व्याज, आणि थोड्या पैशांचा फरक सापडेना म्हणून अख्खं लेजर परत टिक करत बसलेला स्टाफ.

मग मशीनवर या. १९८३ ला मशीन आणण्याबद्दल बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनशी करार झाला, १९८४ ला बँकांत कॉम्प्युटर आणण्याबद्दल रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा रिपोर्ट आला, त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन (खात्यातल्या नोंदी करणारी) यायला लागली, पण ती आपापली सुटी चालायची, सगळ्या शाखा एकमेकींना जोडणारं कोअर बँकिंग फार नंतरचं, हे दोन टप्पे एकात घालू नका प्लीज. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती, ती पण तशीच लिहा. केळीच्या पेमेंटच्या गर्दीत लाईट गेली की काय करायचे हे तर विचाराच.

घरातलं जुनं पासबुक काढा, शाईचं अक्षर संपून छापील एन्ट्री कुठल्या तारखेला सुरू झाली ते बघा, बदल कधी झाला याचा अंदाज तिथेच लागतो.

नंदुरबारकडची शाखा असेल तर १ जुलै १९९८ च्या, म्हणजे जिल्हा वेगळा होण्याच्या, आधीचे कागद धुळे जिल्ह्यात शोधा. डॉट मॅट्रिक्सचे प्रिंट पुसट होतात, सापडले की लगेच फोटो काढा, खातेदारांची नावं आणि नंबर मात्र झाका.