चवळीच्या बियाण्यात काळा दाणा निघाला, तर

भातकापणी उरकली की कोकणात मागच्या ओलीवर चवळी पेरायची घाई सुरू होते. डब्यातलं बी परातीत ओतलं की पांढऱ्यात चार काळे-तांबडे दाणे दिसतातच. ते वेचले की बी शुद्ध झालं, असं आपण धरून चालतो. पण नुकताच संकर झालेला दाणा पांढराच दिसतो, तो वेचणीत सापडत नाही.

दाण्याची साल आईची असते. पांढऱ्या चवळीच्या फुलावर भुंग्याने शेजारच्या काळीचे पराग आणले, तरी त्या शेंगेतले दाणे पांढरेच भरतात. गर्भ तेवढा संकराचा. तो दाणा पेरला की त्या झाडाच्या झाडून सगळ्या शेंगांत रंगीत दाणे निघतात, कारण रंग पांढऱ्यावर भारी पडतो. त्यापुढच्या पेऱ्यात साधारण चार झाडांत एक पांढऱ्या दाण्याचं. काळा, तांबडा, डोळ्याचा (दाण्याच्या देठखुणेभोवतीच्या रंगीत ठिपक्याचा) आकार यांची जनुकं वेगवेगळी, म्हणून उरलेल्या तिघांतही नाना तऱ्हा.

तेव्हा निवड शेतातच करा. चवळीचं फूल पहाटे उमलतं नि दुपारच्या आत मिटतं, फेरी सकाळचीच हवी. निखळ पांढऱ्या दाण्याच्या वाणाला बहुधा फूलही पांढरं येतं. त्यात जांभळं दिसलं की झाड मुळासकट उपटा. (वाटाण्यात रंगीत साल आणि जांभळं फूल जोडीनं येतात, हे मेंडेलनं 1866 सालीच छापलं होतं.) डोळ्याच्या वाणात फुलावर भरवसा नको, शेंग सोलूनच पाहा.

सोललेल्या शेंगेत दोन दाणे पांढरे आणि तिसरा तपकिरी निघाला तर झाड उपटू नका. एका झाडाच्या सगळ्या दाण्यांचा मूळ रंग एकच असतो. तो डाग बहुतेक ओलीचा. जुनं बी तांबूस पडतं, तेही तसंच.

बियाण्याच्या झाडांना फुलोऱ्यातच चिंधी बांधा, शेंगा झाडागणिक वेगळ्या पुडीत ठेवा. दुसऱ्या वाणापासून प्रमाणित बियाण्याला 5 मीटर आणि पायाभूतला (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात त्याला) 10 मीटर अंतर लागतं.

आणि परातीतले ते काळे दाणे फेकू नका. परसात एका कोपऱ्यात लावा. सगळी झाडं काळ्याच दाण्याची निघाली तर बी बहुधा खळ्यावर मिसळलं. मध्येच पांढऱ्या दाण्याचं झाड आलं, तर संकर शेतातच झालाय.