टाकीत हात घालण्याआधी

रविवारी घरातल्या समुद्री मत्स्यालयाचं पाणी बदलायचं असलं की माझी तयारी शनिवारी रात्रीच सुरू होते. ड्रममध्ये मीठ घातलं, ते ढवळायला पंप सोडला, की दिव्याखाली उभा राहून स्वतःचे दोन्ही हात निरखतो. नखाच्या कडेची सोललेली कातडी, कांदा चिरताना लागलेली सुरी, मांजराचा ओरखडा, काहीही दिसलं तर हात पाण्यात जात नाही. पाणी पंपाने उपसता येतं, काच चुंबकाच्या घासणीने बाहेरून साफ होते. कलंडलेला दगड आणखी आठ दिवस तसाच राहिला तर मासे तक्रार करत नाहीत.

हे सोवळं मी आधी पाळत नव्हतो. सहा वर्षांपूर्वी डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर दगडाचं जरासं खरचटलं आणि दोन दिवसांत भरूनही आलं. तीन आठवड्यांनी त्याच जागी मुगाच्या दाण्याएवढी जांभळट गाठ उठली. दुखत नव्हती, म्हणून मीही मनावर घेतलं नाही. कुणी चामखीळ म्हणालं, कुणी संधिवात. मलमं झाली, बुरशीच्या गोळ्या झाल्या, आणि तशीच दुसरी गाठ मनगटाजवळ, तिसरी कोपराखाली, अशी रांग हातावर चढत गेली. चौथ्या डॉक्टरांनी ‘घरी मासे आहेत का?’ असं विचारलं तेव्हा साडेतीन महिने उलटले होते. जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम, क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. त्याला ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते, शरीराच्या आतले ३७ अंश सोसत नाहीत, म्हणून तो बहुतेक वेळा हाताबोटांवरच ठाण मांडतो. प्रयोगशाळेत नमुना नेहमीसारखा ३७ अंशांवर ठेवला तर तो हाती न लागण्याचीच शक्यता जास्त. उपचार असतो प्रतिजैविकांचा, पण महिनोन् महिने. मी पाच महिने गोळ्या खाल्ल्या.

तेव्हापासून माझ्या तयारीच्या यादीतली पहिली वस्तू म्हणजे पाकिटातला कागद: ‘घरी समुद्री मत्स्यालय आहे, अमुक तारखेला अमुक बोटाला खरचटलं.’ डॉक्टर विचारतील याची वाट बघायची नाही, खुर्चीत बसताबसता आपणच सांगायचं. शिवाय टिटॅनसच्या इंजेक्शनची तारीख त्याच कागदावर. टाकीतल्या पाण्याची क्षारता आणि नायट्रेट तोंडपाठ असलेल्या माणसाला ही तारीख विचारली की तो हमखास गप्प होतो.

व्हिब्रिओ जातीच्या जंतूंची तऱ्हा उलटी. उबदार खाऱ्या पाण्यातले हे जंतू जखमेतून शिरले तर तासाभरात नाही, पण दिवसभरात रंग दाखवू शकतात: पसरत जाणारी लाली, फोड, ताप, जखमेच्या मानाने न पटणारी वेदना. तेव्हा सोमवार उजाडायची वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर टाकीत उघडा हात घालायचाच नाही, हे काम घरातल्या दुसऱ्याला द्यायचं.

हातमोजे लांब हवेत. मनगटापर्यंतच्या मोज्यात पाणी शिरलं की घातले काय, न घातले काय. जनावरांचे डॉक्टर वापरतात ते खांद्यापर्यंतचे पातळ मोजे मी आत घालतो, वरून नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे. कुठलाही मोजा काटा मात्र अडवत नाही. काम संपलं की हात साबणाने धुवायचे, तेही स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. बादली, स्पंज, नळी वेगळी ठेवायची. नळीला तोंड लावून पाणी ओढणारे अजून भेटतात. त्यांना मी काही सांगत नाही, हाताने दाबायचा फुगा भेट देतो.

विजेचं काम एका दिवसाचं आहे, पण ते टाकी भरण्याआधी व्हायला हवं. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा वीज कितीतरी सहज वाहून नेतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा आणि टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. प्लगवर मिठाचा पांढरा पापुद्रा दिसला तर आधी मेन बंद, मग कोरडं फडकं. हीटर पाणी उपसण्याच्या पंधरा मिनिटं आधी बंद करायचा. तापलेली काचेची नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते, आणि तडकलेल्या हीटरच्या पाण्यात तुमचा हात असतो. अतिनील दिवा असेल तर तो पेटलेला असताना डोळ्यांनी तपासायचा नाही.

आता काटे. लायनफिश या माशाच्या पाठीवर १३, पोटाकडे २ आणि मागे ३, असे १८ विषारी काटे असतात. दुकानदार तो गरीब मासा म्हणून विकतो, आणि तो गरीब असतोही, फक्त कोपऱ्यात अडकवला तर पाठ पुढे करतो. फॉक्सफेस माशाच्या काट्यांतही विष असतं. टँग माशाच्या शेपटीच्या बुडाशी पात्यासारखा काटा असतो, त्याने जाळी फाटते तशी बोटंही. म्हणून मासा जाळीने पकडायचाच नाही, पारदर्शक डब्यात हाकलायचा. काम सुरू करण्याआधी माझ्या टाकीशेजारी कढत पाण्याचा थर्मास आणि एक रिकामा टोप मांडलेला असतो. या विषातली प्रथिनं उष्णतेने निकामी होतात. ४५ अंशांपर्यंतच्या, सोसवेल तितक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं हात बुडवून ठेवला की कळ पुष्कळ उतरते. पाणी किती गरम आहे ते मात्र धड हाताने बघायचं, कारण ठणकणाऱ्या हाताला भाजल्याचंही कळत नाही. श्वास अडकला, चक्कर आली तर थर्मास तिथेच ठेवून गाडी काढायची. सापाच्या विषावरचं इंजेक्शन इथे लागू पडत नाही.

दगडातून डोकावणाऱ्या अळ्यांचे केस त्वचेत रुतले तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा.

सगळ्यात जास्त भीती मला निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीची वाटते. झोअँथिड, बटणांच्या गुच्छासारखे मऊ रंगीत जीव. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. हवाईतल्या अशाच एका जातीतून ते वेगळं केल्याचं १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. हे जीव चिकटलेला दगड ‘स्वच्छ’ करायला वर उकळतं पाणी ओतलं किंवा तो ब्रशने खसाखसा घासला की विष वाफेतून, तुषारांतून घरभर पसरतं: ताप, खोकला, धाप, तोंडाला धातूसारखी चव. डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमध्ये टाकीतलं प्रवाळ काढताना एका घरातली सगळी माणसं रुग्णालयात पोचली, सोबत मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही. तेव्हा चष्मा, मास्क, मोजे आणि उघड्या खिडक्या. असा दगड पाण्याखालीच हाताळायचा आणि गॅसजवळ कधीही न्यायचा नाही. आपल्याकडे दगडी प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला पाण्यात उतरलात आणि एखादा तुकडा आवडला, तर तो तिथेच राहू द्या. शंकूच्या आकाराचा जिवंत शंखही उचलू नका, त्याचा डंख माणूस मारू शकतो.

रसायनांत घात करतं ते ओळखीचं. टाकीत कॅल्शियमसाठी घालायचं, जर्मन नावाने विकलं जाणारं कॅल्कवासर म्हणजे आपली चुन्याची निवळी, सामू १२च्या वर. पानवाल्याच्या चुन्याने मुलांचे डोळे भाजल्याचं आपण ऐकतो, इथे तीच पूड डब्याने आणतो. तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा, आणि पूड हळूहळू पाण्यात. डोळ्यात गेलीच तर साध्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं डोळा धरायचा, मग डॉक्टर. पंप व्हिनेगरने धुवा, बादली ब्लीचने धुवा, पण दोन्ही एकाच दिवशी, एकाच मोरीत नको. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन सुटतो.

पाठीसाठी एवढंच: २० लिटरचा जार २० किलोंहून जड असतो, तेव्हा अर्धाच भरा. चार बाय दीड बाय दीड फुटांच्या टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं, ती बाल्कनीत ठेवू नका. फरशीवर जुनी सतरंजी अंथरा.

गणपतीला गावी जातो तेव्हा चावी शेजारच्या काकूंकडे असते. टाकीवर चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार ओळी असतात. खाणं डबीतलं, दिवसाला एक पुडी. मासा मेला तर मरू दे, हात घालू नका. लादीवर पाणी दिसलं तर मेन बंद करून मला फोन, नंतर पोतेरं. चौथी ओळ त्यांच्या नातवासाठी आहे: काटेरी मासा पुढे येतो तो खाऊ मागायला, हात लावायला नाही.